मल्टिमीडिया कळांना आज्ञा नेमून देताना

कृषी विस्ताराच्या कामात शेतकऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या जातात आणि नंतर त्या संगणकावर लेखी स्वरूपात उतरवल्या जातात. या कामात दर वाक्यागणिक ध्वनिमुद्रण थांबवावे लागते, थोडे मागे न्यावे लागते. प्रत्येक वेळी हात कळफलकावरून उचलून माउसकडे नेल्यास लय तुटते आणि वाणाचे नाव किंवा खताची मात्रा असा नेमका तपशील निसटण्याचा संभव असतो. कळफलकाच्या वरच्या ओळीतील मल्टिमीडिया कळा मात्र बहुधा विनावापर पडून असतात.

कळेवरील चित्र ही केवळ खूण असते. तिचे कार्य संगणक ठरवतो. कळ दाबताच कळफलक एक सांकेतिक क्रमांक पाठवतो आणि कार्यप्रणाली त्या क्रमांकाला नाव व आज्ञा जोडते. उदाहरणार्थ, ई-मेलच्या कळेला लिनक्सच्या गाभ्यात १५५ हा क्रमांक आहे. एक्स या चित्रप्रणालीत त्यात ८ मिळवले जातात; म्हणून तेथे तो १६३ होतो आणि त्याला ‘एक्सएफ८६मेल’ हे नाव मिळते. या नावापुढील आज्ञा बदलली की कळेचे कार्य बदलते.

लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर सेटिंग्जमधील ‘कीबोर्ड’ विभागात ‘ॲप्लिकेशन शॉर्टकट्स’ हे पान असते. तेथे आज्ञा लिहून हवी ती कळ दाबली की नेमणूक पूर्ण होते. ‘प्लेअरसीटीएल’ हे छोटे साधन स्थापित केलेले असल्यास ई-मेलच्या कळेला ‘प्लेअरसीटीएल पोझिशन ५-’ ही आज्ञा देता येते. ती रोमन लिपीत व रोमन अंकांत लिहावी. त्यानंतर कळ दाबताच व्हीएलसीसारख्या वादकातील ध्वनिमुद्रण ५ सेकंद मागे जाते. कळ दाबूनही काहीच घडत नसेल, तर ‘एक्सईव्ही’ हा कार्यक्रम चालवून तिचा क्रमांक उमटतो का, ते पाहावे.

विंडोजमध्ये अशा काही कळांची नेमणूक रजिस्ट्रीतील ‘ॲपकी’ या विभागात असते. तेथे ई-मेलच्या कळेसाठी १५, तर गणकयंत्राच्या कळेसाठी १८ हा उपविभाग आहे. त्यातील ‘शेलएक्झिक्यूट’ या नोंदीत कार्यक्रमाचे नाव लिहिल्यास तो कार्यक्रम उघडतो. रजिस्ट्रीतील चुकीचा बदल संगणकाच्या कामकाजात अडथळा आणू शकतो. म्हणून तिची प्रत आधी जतन करावी.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांना या कळांचा आणखी एक लाभ होतो. अक्षरांच्या कळांवर बेतलेले शॉर्टकट इनस्क्रिप्ट मांडणी सुरू असताना काही वेळा चालत नाहीत, कारण त्याच कळेतून आता देवनागरी अक्षर उमटते. मल्टिमीडिया कळांवर अक्षरच नसल्याने मांडणी बदलली तरी त्यांचे कार्य बदलत नाही.

एका कळेबाबत मात्र दक्षता आवश्यक आहे. अनेक कळफलकांवर चंद्रकोरीचे चिन्ह असलेली निद्रावस्थेची कळ असते. तापमान किंवा आर्द्रतेच्या नोंदी रात्रभर घेणाऱ्या संगणकावर ती चुकून दाबली गेल्यास संगणक निद्रिस्त होतो आणि तेवढ्या वेळच्या नोंदी कायमच्या हुकतात. अशा संगणकावर ती कळ निष्क्रिय करणे श्रेयस्कर. विंडोजमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ आणि एक्सएफसीईमध्ये ‘पॉवर मॅनेजर’ येथे या कळेसाठी ‘काहीही करू नये’ असा पर्याय निवडता येतो.

एकच संगणक अनेकजण वापरत असल्यास बदललेल्या कळांची छोटी यादी पडद्याशेजारी लावून ठेवावी. जुने चिन्ह पाहून कळ दाबणाऱ्या सहकाऱ्याचा त्यामुळे गोंधळ होणार नाही.