एडिंबरा पायी बघताना

आजचा विषय तसा प्रवासाचा आहे, पण मी प्रवासवर्णन सांगणार नाही. कुठं उतरायचं, काय खायचं, किल्ल्याचं तिकीट केवढ्याला, हे सगळं तुम्हाला फोनवर मिळेल. मला सांगायचं आहे ते एवढंच की स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा हे शहर पायीच का बघावं, आणि चालताना नजर कुठं ठेवावी. या शहरात एके काळी श्रीमंत आणि गरीब एकाच जिन्यावर राहत होते. मग श्रीमंत उठून समोरच्या उंचवट्यावर राहायला गेले आणि गरीब मागे राहिले. त्यानंतर काय झालं, हे तिथल्या दगडांत अजून दिसतं. बसच्या खिडकीतून ते दिसत नाही.

आधी जमीन समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. किल्ला ज्या खडकावर उभा आहे तो सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा गाभा आहे. पुढे हिमयुगात पश्चिमेकडून पूर्वेकडे बर्फाचे प्रचंड थर सरकत आले. वाटेत हा कठीण खडक आडवा आला. बर्फाने त्याच्या दोन्ही बाजू खरवडून काढल्या, पण त्याच्या आडोशाला, पूर्वेला, मऊ खडकाची आणि मातीची एक लांबट उतरती सोंड शिल्लक राहिली. म्हणजे पश्चिमेला कडा आणि पूर्वेला शेपूट. कड्यावर किल्ला बांधला, शेपटीवर गाव वसलं. शेपटीच्या पाठीवरून जो रस्ता उतरतो तो रॉयल माइल. किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत तो जेमतेम १.८ किलोमीटर भरतो. एकच रस्ता आहे, पण वाटेत त्याची नावं बदलतात: कॅसलहिल, लॉनमार्केट, हाय स्ट्रीट, कॅननगेट.

आता बघा, माशाचा काटा असतो ना, तसं हे जुनं गाव आहे. मधला कणा म्हणजे हा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना काट्यांसारखे निघालेले बोळ. या बोळांना तिथं ‘क्लोज’ म्हणतात. काही इतके अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरून उभं राहावं लागतं. त्यांची नावं वाचत जा. कुणा मालकाचं नाव, कुणा वकिलाचं, कुठं मटणबाजाराचं. बहुतेक प्रवासी कण्यावरून सरळ खाली चालत जातात आणि ‘जुनं शहर पाहिलं’ म्हणतात. माझं सांगणं उलट आहे. कण्यावर कमी चाला, काट्यांमध्ये शिरा.

लॉनमार्केटला ग्लॅडस्टोन्स लँड नावाची इमारत आहे, तिथून सुरुवात करू. ‘लँड’ म्हणजे इथं जमीन नव्हे, बहुमजली घर. थॉमस ग्लेडस्टेन्स नावाच्या व्यापाऱ्याने ही इमारत १६१७ साली विकत घेऊन वाढवली. सहा मजले. सतराव्या शतकात सहा मजले कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण जागाच नव्हती. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत इंग्रजांनी स्कॉटलंडचा दारुण पराभव केला, राजा चौथा जेम्स रणात पडला. आता शत्रू चालून येणार या धास्तीने एडिंबराने नवा तट बांधायला घेतला. हल्ला काही तेव्हा आला नाही, पण गाव पुढची दोन-अडीच शतकं तटाच्या आत राहिलं. उत्तरेला तर नॉर लॉक नावाचं तळंच होतं. मग माणसं वाढली तशी घरं वर चढली. रस्त्याच्या बाजूने सहा-सात मजले दिसतात, तीच इमारत मागच्या उतारावरून बघितली तर दहाच्याही पुढे जाते. म्हणजे पुढच्या दाराने तळमजल्यावर शिरायचं आणि मागच्या खिडकीत गेलं की आपण चौथ्या मजल्यावर!

या उंच घरांत कोण कुठं राहायचं? खाली दुकानं. मधले मजले सरदारांचे, न्यायाधीशांचे, बड्या व्यापाऱ्यांचे, कारण ते रस्त्याच्या घाणीपासून दूर आणि फार चढही नाही. अगदी वर आणि अगदी खाली कारागीर, मजूर, विधवा, नोकरमाणसं. पण जिना एकच, चक्राकार, अंधारा. न्यायाधीश आणि पाणक्या त्याच जिन्यावर एकमेकांना वाट देत. याला समता म्हणू नका. मोठ्यांचं मोठेपण कायम होतंच. पण शेजार होता. रात्री दहाच्या सुमाराला वरच्या खिडक्यांतून दिवसभराची घाण खाली ओतली जायची, त्याआधी ‘गार्डी-लू’ अशी आरोळी द्यायची. ती घाण कुणाचा दर्जा बघून पडत नव्हती. घाण वाईट आहे हे न्यायाधीशाला नाकाने कळत होतं, अहवाल वाचून नव्हे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ग्लॅडस्टोन्स लँडच्या जवळच जेम्स कोर्ट नावाचा चौक आहे. डेव्हिड ह्यूम, अठराव्या शतकातला थोर तत्त्वज्ञ, १७६२ पासून या चौकात राहत होता. हे नाव ध्यानात ठेवा. आपण इथं परत येणार आहोत.

आता थोडं खाली, ॲडव्होकेट्स क्लोजच्या तोंडाशी थांबा. बोळाच्या दोन भिंतींच्या फटीतून पायऱ्या खाली उतरताना दिसतात आणि पलीकडे, दरीच्या पार, दुसरंच शहर दिसतं. सरळ रस्ते, मोकळं आकाश. ते न्यू टाउन. ‘न्यू’ म्हटलं तरी अडीचशे वर्षांचं आहे. १७५९ साली नॉर लॉक उपसायला घेतलं. १७६३ साली दरीवर नॉर्थ ब्रिजचा पाया घातला. मध्येच १७६९ साली पुलाचा भाग कोसळून पाच माणसं गेली, आणि १७७२ साली तो वाहतुकीला खुला झाला. दरम्यान नव्या वसाहतीच्या आराखड्याची स्पर्धा झाली. जेम्स क्रेग या तरुण वास्तुकाराचा आराखडा १७६७ साली मंजूर झाला. तीन समांतर मोठे रस्ते, दोन टोकांना दोन चौक. आणि मोठ्या रस्त्यांच्या मध्ये रोझ स्ट्रीट आणि थिसल स्ट्रीट हे दोन बारीक रस्ते, दुकानदार-कारागिरांसाठी. काय झालं बघा. जुन्या गावात जे अंतर मजल्यामजल्यांत होतं, ते आता रस्त्यारस्त्यांत आलं. जिना संपला.

ह्यूमही गेला. १७७१ साली त्याने सेंट अँड्र्यू स्क्वेअरच्या बाजूला नवं घर केलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उजेड, हवा, स्वच्छता कोणाला नको? पण एकेक करत पुढच्या काही दशकांत पैसा, वजन आणि आवाज असलेली बहुतेक माणसं दरी ओलांडून गेली. मागे राहिलेली घरं मालकांनी खोल्याखोल्यांत फोडून भाड्याने दिली. आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथून आलेली उपाशी माणसंही इथंच शिरली.

याचा शेवट कुठं झाला ते बघायला हाय स्ट्रीटने अजून खाली या. पेझली क्लोजच्या कमानीवर एका मुलाचा चेहरा कोरलेला आहे. २४ नोव्हेंबर १८६१, मध्यरात्र उलटून गेलेली. इथली सुमारे अडीचशे वर्षांची सात मजली इमारत झोपलेल्या माणसांसह खाली बसली. ३५ माणसं मेली. ढिगारा उपसणारे आशा सोडत होते, तेवढ्यात आतून एका पोराचा आवाज आला: मी अजून मेलो नाही, हात चालवा, अशा अर्थाचा. तेच शब्द त्या कमानीवर आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी फार थोडे मान वर करतात. तुम्ही करा.

या दुर्घटनेनंतर १८६२ साली शहराने हेन्री लिटलजॉन या डॉक्टरला पहिला आरोग्य अधिकारी नेमलं. त्याने जुन्या गावातले बोळ आणि जिने तपासले आणि १८६५ साली अहवाल दिला. काउगेट भागातल्या एका जिन्याचं उदाहरण सांगतो: ५९ खोल्या, २४८ माणसं, आणि मोरी किंवा संडास एकही नाही. मघाचा मुद्दा आठवा. जिना एक होता तेव्हा घाण सगळ्यांच्या नाकाला कळायची. आता दरीपलीकडच्या माणसाला ती कळण्यासाठी ३५ प्रेतं आणि एक अहवाल लागला.

इथून पुढे चौकाशी रस्त्यात पितळी पट्ट्या बसवलेल्या दिसतील. गावाची वेस, नेदरबो, इथं होती. ती १७६४ साली पाडली. बाजूच्या बोळाचं नाव वर्ल्ड्स एंड क्लोज, म्हणजे जगाचा शेवट! तिथं गाव संपायचं. पलीकडचं कॅननगेट हे १८५६ पर्यंत कायद्याने वेगळंच नगर होतं. आता उजवीकडे सेंट मेरीज स्ट्रीटने उतरून काउगेटला या. इथं एक गंमत आहे. डोक्यावरून एक कमान जाते, तो साउथ ब्रिज, १७८८ साली खुला झालेला. त्याला १९ कमानी आहेत, पण उघडी दिसते ती ही एकच. बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींत गडप झाल्या आहेत. वरून चालणाऱ्याला आपण पुलावर आहोत हेच कळत नाही. खाली काउगेटची गर्दी आणि अंधार, वर दुकानांचा रस्ता. एकाच जागी दोन शहरं, एक दुसऱ्याच्या डोक्यावर. नकाशात हे रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, प्रत्यक्षात भेटत नाहीत. म्हणून म्हणतो, पायी चला.

काउगेटने ग्रासमार्केट गाठा, व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या वळणाने वर चढा आणि आता परत जेम्स कोर्टला या. कारण गोष्टीचा दुसरा भाग इथं सुरू होतो, आणि तो आपल्यापर्यंत येतो.

ह्यूम गेल्यानंतर शंभरएक वर्षांनी एक माणूस उलट्या दिशेने आला. पॅट्रिक गेडिस, मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८६ साली लग्न झाल्यावर त्याने आणि त्याची पत्नी ॲना हिने याच जेम्स कोर्टमध्ये, तेव्हाच्या गलिच्छ वस्तीत, बिऱ्हाड केलं. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंतींना चुना लावला, खिडक्यांत कुंड्या ठेवल्या, अडगळ काढून चौक मोकळे केले. त्याचं म्हणणं साधं होतं. जुनी वस्ती सरसकट पाडली की तिथला गरीब माणूस फक्त दुसऱ्या गलिच्छ वस्तीत जातो. त्याऐवजी अगदी मोडकळीला आलेलं तेवढंच काढा, बाकीचं दुरुस्त करा. आणि त्याआधी हिंडा, बघा, विचारा. १८९२ साली त्याने कॅसलहिलवरचा एक मनोरा घेतला, त्याचं नाव आउटलुक टॉवर. पाहुण्याला तो आधी गच्चीवर नेई, तिथून शहर दाखवी, आणि मग मजल्यामजल्याने खाली आणी: एडिंबरा, स्कॉटलंड, पुढे युरोप आणि तळाशी जग. आधी आपलं गाव, मग दुनिया.

हा माणूस १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि गावोगाव पायी फिरून अहवाल लिहीत राहिला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच्या मागून, १९२४ साली, त्या विभागाची सूत्रं गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये मालवणचे. गेडिसनेच त्यांना निवडून इंग्लंडला पाठवलं होतं. आणि होळकरांच्या इंदुरातली गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. प्लेगने गाव पोखरलं होतं. गेडिसने दिवाळीची मोठी मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर साफसफाई आणि डागडुजी सगळ्यात जास्त झाली असेल, तिथून जाईल. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत लोक झाडू घेऊन उतरले! मोठ्या माणसांनी गरिबांच्या गल्लीतून चालत जावं, एवढाच त्यात विचार. एडिंबराचा तुटलेला जिना त्याने इंदुरात एका दिवसापुरता जोडला, असं मला वाटतं.

शेवटचा टप्पा. लॉनमार्केटवरून द माउंडने उत्तरेला उतरा. हा रस्ता म्हणजे भराव आहे. लॉनमार्केटच्या एका कापडदुकानदाराला नव्या वसाहतीत जायला चिखल तुडवावा लागे, म्हणून त्याने दगड-फळ्या टाकल्या. पुढे न्यू टाउनच्या पायांतून निघालेली माती, सुमारे १५ लाख गाड्या, इथंच ओतली गेली. म्हणजे नव्या घरांच्या पायातल्या मातीनेच जुन्या गावाकडे यायची वाट तयार झाली. पलीकडे जॉर्ज स्ट्रीट, शार्लट स्क्वेअर बघा. सुंदर आहेत, त्यात शंका नाही. १९९५ साली युनेस्कोने दोन्ही शहरांना मिळून जागतिक वारसा ठरवलं, एकट्या कुणाला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा इतिहास झाला. तसं नाही. आज जुन्या गावात बोळांच्या दारांशी किल्ल्यांच्या छोट्या पेट्या लटकलेल्या दिसतात. त्या आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी. घरं दिवसांच्या भाड्याने जाऊ लागली आणि राहणाऱ्या माणसांना घर मिळेना. म्हणून ५ सप्टेंबर २०२२ पासून सगळं शहर नियंत्रण क्षेत्र ठरलं. राहतं घर अख्खं असं पाहुण्यांना द्यायचं, तर परवानगी लागू लागली. अठराव्या शतकात श्रीमंत निघून गेले म्हणून जिना तुटला. आज पाहुणे आले म्हणून तो तुटू नये, याची चिंता आहे.

तेव्हा गेलात तर दोन गोष्टी करा. चांगल्या तळव्याचे बूट घाला, दगडी पायऱ्या पावसात निसरड्या होतात. ही सगळी फेरी सावकाश केली तर एक दिवस लागतो, ऑगस्टमध्ये महोत्सवाच्या गर्दीमुळे जास्तच. आणि बोळात शिरताना आवाज खाली ठेवा. वरच्या मजल्यावर अजून कुणीतरी राहतं. त्यांच्यामुळे ते गाव आहे.