चालता चालता सुचते, ते का?

लेखक म्हटले की टेबल, कागद आणि त्यावर वाकलेली व्यक्ती असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात अनेक मोठ्या लेखकांचा बराचसा वेळ टेबलापासून दूरच जात असे. पु. ल. देशपांडे पेटीवर रमत, गो. नी. दांडेकर गडकिल्ले पालथे घालत, व्यंकटेश माडगूळकर रानावनात भटकत आणि रेखाटने करत. चार्ल्स डिकन्स लंडनच्या रस्त्यांवरून मैलोन्मैल चालत. असे छंद म्हणजे लेखनाच्या वेळेतून केलेली चोरी, असे अनेकांना वाटते. काम वाढले की सर्वप्रथम त्यांनाच कात्री लागते. मेंदूविषयीचे संशोधन मात्र वेगळे काही सांगते.

पावलांबरोबर कल्पनाही

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2014 मध्ये चालण्याचा आणि कल्पना सुचण्याचा संबंध तपासला. बटण, टायर अशा साध्या वस्तूंचे नेहमीपेक्षा वेगळे उपयोग सुचवा, असे सहभागींना सांगण्यात आले. बसून विचार करण्यापेक्षा चालताना लोकांना सरासरी सुमारे 60 टक्के अधिक कल्पना सुचल्या. गंमत म्हणजे, ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालणाऱ्यांनाही फायदा झाला. म्हणजे हे श्रेय फक्त बागेचे किंवा मोकळ्या हवेचे नव्हे. चालून आल्यावर खुर्चीत बसल्यानंतरही काही वेळ हा परिणाम टिकला. मात्र ज्या प्रश्नाला एकच अचूक उत्तर असते, तिथे चालण्याने फायदा झाला नाही. उलट कामगिरी थोडी घसरली. थोडक्यात, कथेचे बीज शोधायला चालावे, मुद्रिते तपासायला बसावे.

आधी पेरणी, मग विश्रांती

ग्रॅहॅम वॉलस या ब्रिटिश विचारवंताने 1926 मध्ये सर्जनशील विचाराचे चार टप्पे मांडले : तयारी, मुरवण, अचानक सुचणे आणि पडताळणी. यातली मुरवण म्हणजे लोणच्यासारखीच. बरणी सारखी उघडून ढवळत बसले तर ते मुरत नाही. पण बरणीत काही घातलेच नसेल, तर मुरणार काय?

कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या 2012 मधील एका प्रयोगात हेच दिसले. मध्यंतरात सोपे, मन भरकटू देणारे काम ज्यांना दिले होते, त्यांना आधी हाताळलेल्या प्रश्नांवर अधिक कल्पना सुचल्या. अगदी नव्या प्रश्नांवर मात्र असा फायदा दिसला नाही. नंतरच्या संशोधनात मन भरकटण्याचा हा लाभ प्रत्येक वेळी आढळलेला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. भांडी घासणे, झाडांना पाणी घालणे, विणकाम करणे ही कामे जादूची कांडी नव्हेत. पण आधी मनात पेरलेल्या विचाराला ती सवड देतात.

छंद देतो कच्चा माल

छंदाचा दुसरा लाभ म्हणजे सूक्ष्म निरीक्षणाची सवय. 'लोलिता'चे लेखक व्लादिमिर नाबोकोव्ह फुलपाखरांचे खरे अभ्यासक होते. 1940च्या दशकात हार्वर्डच्या संग्रहालयात ते तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली फुलपाखरे तपासत. अमेरिका खंडातील निळ्या फुलपाखरांचे पूर्वज आशियातून टप्प्याटप्प्याने आले असावेत, हा त्यांचा 1945चा अंदाज 2011 मध्ये डीएनए तपासणीने उचलून धरला. अगाथा ख्रिस्ती यांना पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करताना विषांचे ज्ञान मिळाले. 1920 मधील त्यांच्या पहिल्याच कादंबरीतला खून स्ट्रिक्निनने होतो.

शरीर सांभाळले तरच लेखन

लेखन हे बैठे काम. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी पूर्णवेळ लेखक झाले तेव्हा त्यांचे वजन वाढू लागले. दिवसाला 60 सिगारेटी ओढल्या जात. 1982 मध्ये त्यांनी धावायला सुरुवात केली आणि पुढे धूम्रपानही सोडले. लांब कादंबरी लिहायला प्रतिभेइतकाच दम लागतो, ही त्यांची धारणा. धावण्याने तो दम दिला.

लेखक नसलेल्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. अहवाल, भाषण, शाळेचा निबंध किंवा घरातला एखादा पेच अडला, की आधी त्यावर नीट डोके लावावे. मग मोबाइल घरी ठेवून वीस मिनिटे चालून यावे. पडद्यावर बोट फिरवत राहणे ही विश्रांती वाटते खरी. पण त्यात दुसऱ्यांचे विचार सतत मनात शिरत राहतात आणि स्वतःच्या विचाराला जागा उरत नाही. परतल्यावर सुचलेले लगेच वहीत टिपावे. आणि दिवस कितीही भरगच्च असला, तरी पेटीवरची धूळ झटकायला थोडा वेळ काढावा. तो वेळ कामातून वजा होत नाही.