मकर : दगडातला आणि सोन्यातला
हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि पिसाऱ्यासारखी शेपटी असलेला मकर कर्नाटकातील सोमनाथपूरच्या केशव मंदिराच्या (इ. स. १२६८) जोत्यावर ओळीने कोरलेला आहे. विष्णुमूर्तीच्या कानांत तोच कुंडल होतो; दक्षिणेतील सुवर्णकार तोच कंठहारांत घडवीत आले.

शासनव्यवस्थेने मात्र या दोन रूपांना निरनिराळा न्याय लावला आहे. हे मंदिर केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असून २०२३ मध्ये बेलूर व हळेबीडसह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. अलंकारपरंपरेच्या वाट्याला आले ते भौगोलिक मानांकन. तमिळनाडूतील नागरकोविलच्या मंदिर-अलंकारांना ते लाभले आहे. १९९९ च्या या कायद्याने नावाचा गैरवापर रोखता येतो आणि नोंदणीचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. परंतु हे नाव ज्या हातांनी कमावले, त्यांच्या घरची पुढील पिढी हा व्यवसाय पत्करील, याची तजवीज त्यात नाही.

झिजलेल्या शिल्पाचे निदान छायाचित्र उरते. खंडित झालेली हातोटी संग्रहालयातून परत मिळत नाही. म्हणून मानांकनाच्या जोडीला शिकाऊ कारागिरांना विद्यावेतन आणि देवस्थानांच्या नव्या अलंकारांच्या कामात या घराण्यांना अग्रक्रम मिळाला पाहिजे. वारसा जपायचा, तर तो घडविणाराही जगला पाहिजे.