घुसखोर कोण, हे ठरवायचं कोणी?

१९९८ च्या जुलैमध्ये मुंबई पोलिसांनी तीसेक बंगालीभाषक माणसांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसमध्ये बसवलं. बांगलादेशी म्हणून पकडलेली ही मंडळी सीमेपर्यंत न्यायची आणि पलीकडे धाडायची, असा बेत होता. गाडी हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्टेशनात शिरली आणि तिथल्या जमावाने त्यांना पोलिसांच्या हातून सोडवून नेलं. पुढाकार फॉरवर्ड ब्लॉक या पक्षाच्या कार्यकर्त्यांचा. मग दोन राज्यांत जुंपली. महाराष्ट्रातलं मनोहर जोशींचं सरकार म्हणे हे परदेशी, पश्चिम बंगालमधलं ज्योती बसूंचं सरकार म्हणे हे आमचे.

पकडलेल्यांत बरेचसे जरीकाम करणारे होते, आणि उलुबेरिया-पांचला हा भागच जरीकामाचा. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, भोवती चौघा-सहा जणांनी मांडी घालून बसायचं आणि सुईने जर, टिकल्या, मणी भरत जायचं. दिवसभर मान खाली. हेच काम करायला तिथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत येत आली. झवेरी बाजारात सोन्याचं नाजूक काम करणारे हात तर हुगळी, हावडा, मेदिनीपूरचे. त्यामुळे मुंबईत बंगाली बोलणारा गरीब माणूस दोनपैकी कुठल्याही देशाचा असू शकतो. मुर्शिदाबादची बोली आणि नदीपलीकडच्या राजशाहीची बोली यांतला फरक मीरा रोडच्या हवालदाराने कानांनी ओळखावा, ही अपेक्षाच वेडेपणाची.

जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्यात सैफ अली खानवर चाकूहल्ला झाला. संशयित बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि धरपकडीला पुन्हा जोर आला. मे महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना संशयितांची कागदपत्रं तपासण्यासाठी तीस दिवसांची मुदत घालून दिली. जूनमध्ये मुर्शिदाबादचा एक गवंडी मीरा रोडला पकडला गेला, तिथून थेट उत्तर बंगालच्या सीमेवर पोचवला गेला आणि भल्या पहाटे बांगलादेशात ढकलला गेला. तो भारतीय निघाला. महाराष्ट्रातून असेच पलीकडे गेलेले आणखी काही जणही भारतीयच होते. पश्चिम बंगाल पोलिसांनी धावपळ केली आणि सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत आणावं लागलं.

अशी चूक होते कशी? एक कारण कायद्यातच आहे. एरवी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याने ती इथे उलटी फिरवली: आपण परदेशी नाही, हे ज्याच्यावर संशय आहे त्याने सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. मात्र जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिला लगाम घातला. कुणाचंही दार ठोठावून ‘तू परदेशी नाहीस हे दाखव’ असं म्हणता येणार नाही, संशयाला काहीतरी ठोस आधार आधी सरकारने समोर ठेवला पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ.

दुसरं कारण कागदांचं. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढ्यावरून कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका संशयिताचा जामीन नाकारताना स्पष्ट केलं. कायदा म्हणून ते बरोबर आहे, आणि ही कार्डं खोट्या दाखल्यांवर मिळवून देणारे दलाल आहेत हेही खोटं नाही. पण मग नागरिकत्व दाखवायचं कशाने? १९५५ चा नागरिकत्व कायदा म्हणतो: १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला तो जन्मानेच नागरिक. त्यानंतर आणि ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्याचे आई किंवा वडील भारतीय हवेत. त्या तारखेनंतर दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे विशीतल्या पोराला स्वतःचाच नव्हे, निदान आई किंवा बापाचाही जन्म शाबीत करायचा. वाचकांनी आपल्या आईचा जन्मदाखला घरात शोधून पाहावा. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या आयांची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने घातलेली आहे.

खऱ्या घुसखोराला परत पाठवायला मात्र कुणाचीच हरकत नसावी. तो हक्क प्रत्येक देशाला असतो. अडतं ते भलतीकडेच. माणूस परत घेणाऱ्या देशाने ‘हा आमचाच’ असं मान्य करावं लागतं. नाव, गाव, बापाचं नाव ढाक्याला कळवायचं, तिथल्या पोलिसांनी गावात जाऊन खातरजमा करायची, मग प्रवासाचा कागद, मग सीमेवर रीतसर ताबा. मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की अशी २,३६० हून अधिक प्रकरणं बांगलादेशाकडे पडून आहेत, काही तर २०२० पासून. शिक्षा भोगून झालेली माणसंही त्यात आहेत. ढाक्याच्या या दिरंगाईवरचा भारताचा राग रास्त आहे. रात्री कुंपणापाशी नेऊन पलीकडे ढकलण्याचा मोह याच रागातून होतो. पण वाचवलेला वेळ नेमका पडताळणीचा असतो, आणि मुर्शिदाबादच्या गवंड्याला वाचवू शकली असती ती पडताळणीच.

आपली माणसं परत येतात तेव्हा हाच आग्रह आपणही धरतो. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. हातापायांतल्या बेड्या पाहून संसदेत गदारोळ झाला, पण भारत आपले नागरिक पडताळूनच परत घेतो हे दिल्लीने वारंवार सांगितलं आहे. सीमेवरून ढकललेल्या माणसांबद्दल ढाकाही तेच म्हणतो.

बाकी देशात बांगलादेशी नेमके किती, हा आकडा ज्याच्या त्याच्या सोयीचा. २००४ मध्ये गृह राज्यमंत्र्यांनी संसदेत एक कोटी वीस लाख सांगितला आणि लगेच तो भरवशाचा नसल्याचंही सांगावं लागलं. २०१६ मध्ये दुसऱ्या सरकारने दोन कोटी सांगितला. एवढ्या मोठ्या आकड्यांचं भय एकदा मनात बसलं की एका गवंड्याचं काय झालं हे विचारायला कुणाला फुरसत उरत नाही.

मोजायचंच तर हाताशी असलेलं तरी मोजावं. किती जण पकडले, हे पोलिसांच्या पत्रकांत असतं. त्यातले किती चौकशीअंती भारतीय ठरले, पडताळणीचं पत्र त्यांच्या जिल्ह्याला कधी गेलं आणि उत्तर यायच्या आधी कुणाला सीमेवर धाडलं का, हेही त्याच पत्रकात छापायला हवं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.