रामानुजन : नाव की आडनाव?

तिरुवल्लिकेणी ही चेन्नई शहरातील समुद्राजवळची जुनी वस्ती होय. तमिळ भाषेत ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘अल्ली’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळे. इंग्रजांनी या सुरेख नावाचे ‘ट्रिप्लिकेन’ करून टाकले. मद्रास बंदराच्या कचेरीत १९१२ साली कारकून म्हणून लागलेले थोर गणिती श्रीनिवास रामानुजन याच वस्तीत राहत असत. त्यांच्या नावाविषयीही असाच घोटाळा झालेला आहे.

मराठी वाचक ‘श्रीनिवास’ हे त्यांचे नाव आणि ‘रामानुजन’ हे आडनाव समजतो. वस्तुतः श्रीनिवास हे त्यांच्या वडिलांचे नाव. मुलाचे नाव केवळ रामानुजन. तमिळ प्रदेशात आडनावाची प्रथा सहसा नाही. आधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि मग स्वतःचे नाव, अशी तेथील रीत आहे. त्यामुळे ते स्वतः ‘एस. रामानुजन’ अशी सही करीत. वडिलांच्या नावापुढील ‘अय्यंगार’ हे घराण्याचे आडनाव नसून वैष्णव ब्राह्मणांचे उपपद आहे.

‘रामानुज’ म्हणजे रामाचा अनुज, अर्थात लक्ष्मण. शेवटचा ‘न्’ हा तमिळमधील पुल्लिंगी प्रत्यय होय. हे नाव दक्षिणेत रुजले ते वैष्णव आचार्य रामानुजांमुळे. परंपरेनुसार त्यांचा जन्म १०१७ साली श्रीपेरुंबुदूर येथे झाला. त्यांच्या मातापित्यांनी तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरात पुत्रासाठी प्रार्थना केली होती, अशी श्रद्धा आहे. बाळाचे पहिले नाव ‘इळैयाळ्वार’ असे होते. लक्ष्मणाचेच ते तमिळ नाव! अय्यंगार कुटुंबे या आचार्यांना मानणारी. साहजिकच मुलाचे नाव रामानुजन ठेवणे हे तेथे नित्याचेच.

१९१४ साली गणिती रामानुजन केंब्रिजला गेले. इंग्रजी रिवाजात शेवटचे नाव ते घराण्याचे. त्यामुळे तेथे सारे त्यांना ‘मिस्टर रामानुजन’ म्हणत. समजूत चुकीची, पण हाक मात्र योगायोगाने बरोबर! १७२९ या ‘हार्डी-रामानुजन संख्ये’तही हार्डी हे आडनाव आहे आणि रामानुजन हे एका माणसाचे स्वतःचे नाव.

आजही पारपत्राचा अर्ज भरताना आडनावाच्या रकान्यापाशी अनेक तमिळ माणसे थबकतात. काही जण तेथे वडिलांचे नाव लिहितात. मग परदेशातील कचेरीत मुलाला वडिलांच्या नावाने हाक मारली जाते.