दुसऱ्या डावातील इस्टेट एजंट

३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी महानगर टेलिफोन निगमच्या मुंबई व दिल्ली येथील १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यापूर्वी २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी अशाच योजनेखाली बाहेर पडले होते. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंतच्या उपनगरांत असे निवृत्त गृहस्थ गल्लोगल्ली भेटतात. वय पंचावन्नच्या आसपास, प्रकृती ठणठणीत, मुलांची शिक्षणे उरकत आलेली, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम बँकेत जमा आणि सकाळची फास्ट लोकल पकडण्याची घाई कायमची संपलेली. आता करायचे काय, या प्रश्नाला जी दोन-तीन उत्तरे लगेच सुचतात, त्यांत इस्टेट एजन्सी हमखास असते. भांडवल लागत नाही, पदवी विचारली जात नाही, ओळखी आणि मोबाइल असला की काम सुरू, असा समज त्यामागे असतो.

हा समज एके काळी बराचसा खरा होता. उपनगरांतील घरांची दलाली किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, सोसायटीचा वॉचमन असा कोणीही करीत असे आणि व्यवहार जुळला की आपला वाटा घेऊन मोकळा होत असे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि चित्र पालटले. नोंदणीकृत गृहप्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या एजंटाला महारेराकडे नोंदणी करणे त्याने बंधनकारक केले. व्यक्तीसाठी हे शुल्क १० हजार रुपये ठरविण्यात आले आणि नोंदणीची मुदत पाच वर्षांची. नोंदणीविना व्यवसाय केल्यास दररोज १० हजार रुपये आणि एकंदर सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढची पायरी परीक्षेची. जानेवारी २०२३ मधील आदेशाने महारेराने एजंटांसाठी २० तासांचे प्रशिक्षण व त्यानंतरची ऑनलाइन परीक्षा सक्तीची केली. आयबीपीएस या संस्थेमार्फत पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. सक्तीची मुदत पुढे ढकलली गेली, तरी १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्राशिवाय नवी नोंदणी वा नूतनीकरण होत नाही. मे २०२४ मध्ये हे प्रमाणपत्र न मिळविणाऱ्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित करण्यात आली. अनेक वर्षे धंद्यात मुरलेल्यांना हे अर्थातच रुचले नाही. नव्याने येणाऱ्या निवृत्ताच्या दृष्टीने मात्र ही अडचण नसून संधी आहे. परिपत्रके वाचण्याची, अर्ज नीट भरण्याची आणि नोंदी ठेवण्याची ज्याला तीस वर्षांची सवय आहे, त्याला ही परीक्षा भारी पडू नये.

भाड्याचे व्यवहार या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणूनच बहुतेक नवे एजंट सुरुवात भाड्यापासून करतात, आणि ते शहाणपणाचेही आहे. मात्र येथे नियमच नाहीत असे कोणी समजू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ‘नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल’ असा सल्ला देणारा एजंट घरमालकाला खड्ड्यात लोटत असतो. करार आता ऑनलाइन नोंदविता येतो. त्याचा तपशील स्वतः भरता येणे हे या धंद्यातील पहिले उपयुक्त कौशल्य होय.

प्राप्तीचा हिशेब कोणी आधी कागदावर मांडत नाही, आणि निराशेचे मूळ बहुधा तेथेच असते. प्रथेप्रमाणे ११ महिन्यांच्या करारावर एक महिन्याच्या भाड्याइतकी, तर विक्रीवर साधारण एक ते दोन टक्के दलाली मिळते. ही प्रथा आहे, कायद्याने ठरविलेला दर नव्हे. समजा, बोरिवलीतील दीड कोटीचे घर विकले गेले. एक टक्क्याने दलाली दीड लाख होते. ग्राहक दुसऱ्या एजंटाने आणला असेल आणि दोघांत वाटणी ठरली असेल, तर हाती पाऊण लाख. पुनर्विक्रीचा व्यवहार पहिल्या भेटीपासून नोंदणीपर्यंत तीन-चार महिने सहज घेतो. मध्येच खरेदीदाराचे कर्ज नामंजूर झाले, तर सारे मुसळ केरात. नव्या प्रकल्पात बिल्डर दलाली देतो, पण खरेदीदाराने ठरावीक रक्कम भरून करार नोंदविल्यानंतर, आणि तेव्हाही विलंबाने. त्यामुळे पहिले वर्ष-दीड वर्ष घरखर्च या धंद्यावर अवलंबून नसावा. निवृत्तीच्या रकमेतून स्टेशनजवळ गाळा घेऊन काचेवर फलक लावणे हा तर उफराटा मार्ग ठरतो. हल्ली ग्राहक आधी संकेतस्थळावर घर शोधतो आणि नंतर एजंटाला फोन करतो.

मग एजंटाची गरज उरतेच कशाला? नोब्रोकरसारख्या कंपन्या २०१४ पासून याच प्रश्नावर उभ्या आहेत. घराचा पत्ता सांगणे एवढेच काम असेल, तर गरज खरोखरच उरलेली नाही. गरज आहे ती कागद वाचणाऱ्याची. उपनगरांतील जुन्या इमारतींत घर तीन-चार हातांतून गेलेले असते. मधल्या एखाद्या कराराची नोंदणी झालेली नसते, शेअर सर्टिफिकेटवर आजोबांचे नाव असते आणि नातू घर विकायला निघालेला असतो. नामनिर्देशन असले म्हणजे घर नॉमिनीच्या मालकीचे झाले, असे अनेक सुशिक्षितही मानतात. प्रत्यक्षात नॉमिनी हा वारसांच्या वतीने विश्वस्तासारखा असतो. घाटकोपरच्या पंतनगरात वा अंधेरीच्या डी. एन. नगरात म्हाडाच्या हस्तांतरणाची पत्रे पाहावी लागतात. एखाद्या सोसायटीचा पुनर्विकास ठरत असेल, तर ठराव झाला आहे का, बिल्डरशी करार नोंदविला गेला आहे का, हे घर घेण्यापूर्वी कळलेच पाहिजे. ज्याने बँकेत गृहकर्जाच्या फायली तपासल्या, त्याला यातील निम्मे आधीच ठाऊक असते. पूर्वायुष्यातील नोकरी कामी येते ती अशी.

पार्किंगचे उदाहरण बोलके आहे. दहिसर पूर्वेच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये निकाल दिला की, इमारतीखालील स्टिल्ट पार्किंग ही सामायिक जागा असून बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. तरीही पुनर्विक्रीच्या जाहिरातींतून ‘मालकीचे पार्किंग’ आजही बिनदिक्कत विकले जाते. सोसायटीने ते वाटून दिले आहे का, वाटप नव्या सदस्यालाही लागू राहील का, हे दोन प्रश्न सचिवाला विचारून उत्तर लेखी घेणारा एजंट खरेदीदाराला पुढची पाच वर्षांची भांडणे वाचवतो. क्षेत्रफळाचेही तसेच. नव्या कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या पक्की केली, पण जुन्या घरांच्या बाबतीत बिल्टअप, सुपर बिल्टअप असे शब्द अजून तोंडी फिरतात. अशा वेळी टेप घेऊन घर मोजणे हाच उत्तम उपाय.

ओळखी हे या दुसऱ्या डावाचे भांडवल मानले जाते आणि ते खोटे नाही. वीस वर्षे एकाच सोसायटीत राहिलेल्या, गणेशोत्सवात वर्गणी गोळा केलेल्या माणसाला लोक घराची किल्ली निर्धास्तपणे देतात. पण हेच भांडवल सर्वांत लवकर बुडते. शेजाऱ्याच्या घरातील गळती ठाऊक असून ग्राहकाला सांगितली नाही, तर ग्राहक तुटतो. सांगितली, तर शेजारी दुखावतो. मावसभाऊ दलाली देताना ‘तुझ्याकडून घ्यायची का?’ असे हसत विचारतो. घर पाहून झाल्यावर दोन्ही पक्ष परस्पर भेटून एजंटाला वगळतात, आणि त्यांतील एक पक्ष रोज लिफ्टमध्ये भेटणारा असतो. यावर एकच तोडगा अनुभवी एजंट सांगतात: दलालीचा दर आणि कोणाच्या वतीने काम करतो हे घर दाखविण्यापूर्वीच, नातेवाईक असला तरी, लेखी ठरवावे. व्हॉट्सअॅपवरील एका ओळीचा होकारही न बोललेल्या गृहीतापेक्षा बरा.

दलालीचे उत्पन्न करपात्र असते आणि काही व्यवहारांत दलाली देणारा त्यातून कर कापून घेतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते व दलालीवर १८ टक्के कर आकारावा लागतो. पहिल्या वर्षी ही मर्यादा क्वचितच गाठली जाते. पण प्रत्येक व्यवहाराची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण नोंदणीकृत एजंटाने हिशेबाची पुस्तके ठेवणे महारेराच्या कायद्यानेही बंधनकारक आहे.