नळी गढूळ झाली म्हणून आजार ठरत नाही

क्लिनिकल पॅथॉलॉजीच्या प्रश्नसंचांत एक प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो: सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर निदान काय? खाली चार पर्याय असतात आणि उत्तरसूचीत छापलेलं असतं: सिकलसेल ॲनिमिया.

हे उत्तर चूक आहे.

डीएमएलटी करून प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या भरतीची तयारी करणारी मुलं हे उत्तर पाठ करतात. ‘परीक्षेपुरतं हेच लिही’ असा सल्लाही त्यांना मिळतो. हा सल्ला सगळीकडेच वाईट आहे, पण नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरसारख्या ठिकाणी तो धोकादायक आहे. मोठ्या शहरातल्या उमेदवाराला कदाचित हा एका गुणाचा प्रश्न वाटेल. या जिल्ह्यात नोकरीला लागलेल्या तंत्रज्ञाच्या रॅकमध्ये मात्र गढूळ झालेली नळी वारंवार उभी असणार आहे आणि तिच्यावर नाव असेल एखाद्या गरोदर बाईचं किंवा आश्रमशाळेतल्या मुलाचं.

चाचणी नेमकं काय करते, ते आधी पाहू. थोडं रक्त फॉस्फेट बफरच्या तीव्र द्रावणात मिसळतात. त्यातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं आणि सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं. ऑक्सिजन गेलेलं हिमोग्लोबिन एस या द्रावणात विरघळत नाही. नळी गढूळ होते आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. नेहमीचं हिमोग्लोबिन ए विरघळलेलं राहतं, त्यामुळे रेघा स्पष्ट दिसतात. म्हणजे चाचणी एवढंच सांगते की या रक्तात हिमोग्लोबिन एस आहे. ते किती आहे, सोबत ए आहे की नाही, दुसरं एखादं विकृत हिमोग्लोबिन आहे का, यातलं काहीच ती सांगू शकत नाही. काचपट्टीवर सोडियम मेटाबायसल्फाइट घालून करायची सिकलिंग टेस्टही याहून जास्त सांगत नाही.

म्हणून नळी वाहकाची असली तरी गढूळ होते आणि रुग्णाची असली तरी होते. वाहकाला, म्हणजे एएस पॅटर्नच्या माणसाला, एका पालकाकडून दोषयुक्त जनुक आणि दुसऱ्याकडून निर्दोष जनुक मिळालेलं असतं. त्याच्या रक्तात ए हे एसपेक्षा जास्त असतं आणि एरवी त्याला काहीही त्रास नसतो. रुग्णाला, म्हणजे एसएस पॅटर्नच्या माणसाला, दोन्ही पालकांकडून दोषयुक्त जनुक येतं. हाडं-सांध्यांच्या असह्य वेदना, वारंवार जंतुसंसर्ग, पंडुरोग हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. हा भेद काही कालपरवा सापडलेला नाही. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात तो इलेक्ट्रोफोरेसिसने दाखवून दिला. वाहकाच्या रक्तात दोन्ही हिमोग्लोबिनं असतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेचं गणितही मांडलं. पाऊणशे वर्षांपूर्वी सुटलेला गुंता आजच्या उत्तरसूचीत पुन्हा घातला जातो, याचा राग यायलाच हवा.

किती मोठी चूक, असं कोणी विचारलं तर आकडे उपलब्ध आहेत. महाराष्ट्रातल्या सिकलसेलवर दीर्घकाळ काम केलेले पुण्याचे डॉ. एस. एल. काटे आणि त्यांचे सहकारी लिंगोजवार यांनी २००२ साली राज्याचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात आदिवासी समाजांतल्या वाहकांचं सरासरी प्रमाण १० टक्के आणि रुग्णांचं ०.५ टक्के दिलं आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जातं. यांतले भिल्ल आणि पावरा नंदुरबार जिल्ह्यातले. सरासरी धरली तर एका रुग्णामागे वीस वाहक होतात. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या एकवीस नळ्यांपैकी सरासरी वीस वाहकांच्या असतील. उत्तरसूची त्या विसांनाही रुग्ण ठरवते.

उलट बाजूची चूकही तितकीच पसरलेली आहे: नळी स्वच्छ, म्हणजे दोष नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात हिमोग्लोबिन एफ भरपूर असतं आणि एस कमी, त्यामुळे पुढे रुग्ण ठरणाऱ्या बाळाचीही नळी स्वच्छ राहू शकते. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल तर नेहमीच्या मापाचं रक्त अपुरं पडतं. ते वाढवून घ्यावं लागतं. नुकतंच रक्त भरलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिन ए सगळं चित्र बदलून टाकतं. एसएस रुग्ण तेव्हा एएस वाटू शकतो, म्हणून पक्क्या निदानासाठी रक्त भरल्यावर साधारण तीन महिने थांबतात. याउलट चरबीयुक्त प्लाझ्मा किंवा रक्तातली वाढलेली प्रथिनं नसलेला एसही ‘दाखवतात’.

मग निदान होतं कशाने? हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने. सिकलसेलच्या राष्ट्रीय अभियानाची घडी हीच आहे: आधी चाळणी, मग खात्री. हे अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. १७ राज्यांतल्या २७८ जिल्ह्यांत शून्य ते चाळीस वयोगटातल्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे. इतक्या लोकांची पहिली चाचणी ज्यांच्या हातून होणार, त्यांनाच चाळणी आणि निदान यांतला फरक चुकीचा शिकवून चालणार नाही.

खात्रीच्या चाचणीतही प्रश्नसंच आणखी एकदा घसरतात. ‘अल्कधर्मी पीएचच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एसच्या जागी पट्टा दिसला की एस नक्की’ हे अर्धवट आहे. पीएच ८.६ च्या आसपास हिमोग्लोबिन डी त्याच जागी येतं. डीमध्ये सोल्युबिलिटी निगेटिव्ह असते आणि आम्लधर्मी पीएचवर दोन्ही वेगळी होतात. शिवाय एस आणि बीटा थॅलेसेमिया एकाच माणसात एकत्र आले, तर पट्टा जवळजवळ एसएससारखा दिसू शकतो. तिथे हिमोग्लोबिन ए२ चं प्रमाण आणि आईवडिलांची तपासणी लागते.

वाहकाला रुग्ण म्हटल्याने काय बिघडतं, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी १९७० च्या दशकातली अमेरिका पाहावी. तिथे घाईघाईने कायदे करून कृष्णवर्णीयांची तपासणी झाली. काही राज्यांच्या कायद्यांतच वाहक आणि रुग्ण यांची गल्लत होती. निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीची दारं वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. नवापुरात नोकरीआधी सोयरीक मोडेल. इथलं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. गुजरातेतल्या उच्छल-व्यारापर्यंत नातीगोती पसरलेली. एका चुकीच्या अहवालाची बातमी दोन राज्यांतल्या भावकीत पोहोचते. वास्तविक वाहकाने लग्न करू नये, असं विज्ञान कुठेच म्हणत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते आणि गर्भजल-तपासणीसारखे मार्ग उपलब्ध आहेत. हे समजावायला आधी अहवाल बरोबर असावा लागतो.

याच प्रश्नसंचांतले इतर काही गैरसमज थोडक्यात.

ॲनिमिया असला की ईएसआर वाढतो: सिकलसेलमध्ये पेशींच्या चळती नीट लागत नाहीत, म्हणून ईएसआर कमी येतो.

एचबीए१सी कोणाचंही करता येतं: सिकलसेल रुग्णाच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी साधारण १० ते २० दिवसच जगतात, तिथे हा आकडा फसवतो.

यंत्राने दिलेली पांढऱ्या पेशींची संख्या अंतिम: केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी त्यात मोजल्या जाऊ शकतात, स्मिअर पाहून आकडा दुरुस्त करावा लागतो.

वाहकाला मलेरिया होत नाही: अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवलेलं संरक्षण फॅल्सिपेरमपुरतं आणि अंशतः आहे, ताप आला तर स्मिअर करायचाच.

पंडुरोग म्हणजे लोहाची कमतरता: सिकलसेलमध्ये पेशी फुटल्याने हिमोग्लोबिन घटतं आणि वारंवार रक्त भरलेल्या रुग्णात लोह उलट साचतं.

सिकलसेल फक्त आदिवासींचा: विदर्भात तो अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतही आहे, सौदी अरेबिया आणि आफ्रिकेतही आहे.

छापील चुका आपोआप जात नाहीत. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात, असं थिओफिलस पेंटर यांनी १९२३ साली लिहिलं. जो हिन त्यो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ साली ४६ मोजून दाखवेपर्यंत पाठ्यपुस्तकं तोच आकडा छापत राहिली. तिथे किमान तंत्र तरी अपुरं होतं. आपल्या प्रश्नसंचांना तीही सबब नाही.

दुरुस्ती सोपी आहे. प्रश्न असा विचारावा: सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, पुढे काय? उत्तर: एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. अहवालात लिहावं: ‘हिमोग्लोबिन एस आढळले, प्रकार निश्चित करण्यासाठी पुढील तपासणी आवश्यक.’ प्रकाशकांनी शुद्धिपत्र काढावं. आणि भरतीच्या उत्तरतालिकेत हीच चूक आली, तर आक्षेपाच्या मुदतीत ‘डेसी अँड लुईस’च्या प्रॅक्टिकल हिमॅटॉलॉजीतलं संबंधित पान जोडून उमेदवारांनी ती खोडून काढावी.